पडीक म्हटलेल्या माळावरची पाखरं

रांजणगावला बाहेरचा माणूस येतो तो दोनच कारणांनी: महागणपतीच्या दर्शनाला, नाहीतर एमआयडीसीत कामाला. पाखरं बघायला इथे कोणी येत नाही. पुण्याचे पक्षीनिरीक्षक रविवारी पहाटे निघाले की सिंहगडाच्या पायथ्याला जातात, ताम्हिणीला जातात, थंडीत रोहित बघायला भिगवण गाठतात. शिरूर तालुक्यात फार तर मोराच्या चिंचोलीला सहल निघते. मोर दिसतो, फोटो निघतो, पिठलं-भाकरी होते आणि गाडी परत फिरते. वाटेतल्या बोराटीत, तरवडात, हिवराच्या फांद्यांत जी इवलीशी पाखरं दिवसभर किडे टिपत असतात, त्यांच्यासाठी कोणी गाडी थांबवत नाही.

या लेखाचा विषय तीच पाखरं आहेत. वटवट्ये, शिंपी, सुभग, निखार, नाचण, लिटकुऱ्या आणि थंडीत उत्तरेकडून येणारे त्यांचे भाऊबंद. पुणे जिल्हा या अभ्यासासाठी फार सोयीचा आहे, कारण एकाच जिल्ह्यात दोन टोकाची रानं आहेत. पश्चिमेला ताम्हिणी-लोणावळ्याकडे वर्षाला चार-चार हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेला शिरूर-दौंडला पाचशेच्या आसपास पडला तरी लोक खूश असतात. भीमा आणि घोड या दोन्ही नद्या भीमाशंकरच्या डोंगररांगेत उगम पावतात आणि पर्जन्यछायेच्या या मुलखात येतात. त्या डोंगरावर १९८५ मध्ये शेकरूसाठी अभयारण्य झालं. त्याच नद्यांच्या खालच्या अंगाच्या माळाला मात्र सरकारी कागदावर नाव मिळालं ते ‘पडीक’.

खरं तर दख्खनच्या पाखरांचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो माळावरून. कर्नल विल्यम हेन्री साईक्स या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याला १८२४ मध्ये मुंबई सरकारने सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं. माणसं, पिकं, जमीन, हवा यांची मोजदाद करत तो दख्खनभर फिरला आणि जाता जाता पाखरंही गोळा करत गेला. १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापून आली. तिच्यात शास्त्राला तोवर ठाऊक नसलेले ५६ पक्षी होते. आज आपल्या अंगणातल्या मेंदीच्या कुंपणात शेपटी हलवत फिरणारा राखी वटवट्या त्या ५६ पैकी एक. गवतातला साधा वटवट्या दुसरा. माळावर टोळीने कलकलाट करणारा मोठा राखी सातभाई तिसरा. त्याला साईक्सने मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचं नाव दिलं. बाकी नावं ठेवताना त्याने इथल्या देवादिकांनाही सोडलं नाही. एका चंडोलाचं लॅटिन नाव ‘देवा’ आणि एका फिकट, मातकट वटवट्याचं चक्क ‘रामा’.

साईक्सनंतर चाळीसेक वर्षांनी अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री सॅम्युअल फेअरबँक यांनी डोंगर आणि माळ यांच्यातल्या फरकालाच नेमका हात घातला. ॲलन ह्यूम ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं पक्षीविषयक नियतकालिक काढत असत. पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम. त्या नियतकालिकात १८७६ साली फेअरबँकांची यादी आली. सह्याद्रीच्या माथ्यावर खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव इथे काय मिळतं आणि नगरकडे दख्खनच्या पठारावर काय मिळतं, असा तिचा आवाका. डोंगर आणि माळ शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची ही रीत मला आजही सगळ्यात उपयोगाची वाटते. दोनच वर्षांनी, १८७८ मध्ये, डेव्हिडसन आणि वेंडेन यांनी त्याच नियतकालिकात दख्खनच्या पक्ष्यांवर आणखी तपशिलाने लिहिलं. तेव्हाची पद्धत बंदुकीची होती, आधी पाखरू पाडायचं आणि मग ओळखायचं. तरी कुठलं पाखरू कुठल्या झुडपात होतं हे त्या लोकांनी नीट टिपलं. आपल्याकडे मराठीत ही नावं रुळली ती पुष्कळ नंतर. मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोश’ करून नावांचा मोठा गुंता सोडवला. सतीश पांडे आणि सहकाऱ्यांचं पश्चिम घाट, कोकण आणि मलबारच्या पक्ष्यांवरचं पुस्तक २००३ मध्ये आलं आणि घाटाकडच्या अभ्यासाला हाताशी धरायला काहीतरी मिळालं. माळाच्या वाट्याला तेवढं कौतुक आलेलं नाही.

आता प्रत्यक्ष पाखरांकडे वळू. माळ म्हणजे एकसारखं उजाड रान, असं लांबून वाटतं. जवळ गेलं की त्यात मजले दिसतात. खाली कुसळी आणि पवना गवत, त्याच्यावर तरवड आणि हेंकळ, मग बोर, नेपती, आणि डोक्यावर बाभूळ, हिवर, खैर. हे सगळं मिळून माणसाच्या डोक्याच्या थोडंच वर जातं, पण प्रत्येक मजल्यावर वेगळं पाखरू जेवतं. साधा वटवट्या गवताच्या काड्यांवर. रान वटवट्या गवत आणि झुडूप यांच्या सीमेवर, आणि गाताना मात्र झुडपाच्या शेंड्यावर उघड्यावर. तांबूस कपाळाचा वटवट्या खडकाळ उतारावरच्या विरळ काटेरी झुडपांत, बहुधा चार-पाच जणांच्या टोळीने. पिवळ्या डोळ्यांचा सातभाई झुडपाच्या पोटात. तो दिसतो कमी, ऐकू जास्त येतो. बाभळीच्या पानांत सुभग, फांद्यांच्या टोकांना निखार, बुंध्याजवळच्या सावलीत नाचण. आणि अगदी जमिनीवर, दगडधोंड्यांत, शेपटी उभारून पळणारा काळा चीरक.

अमेरिकेत रॉबर्ट मॅकआर्थर यांनी १९५८ मध्ये सूचिपर्णी झाडांवरच्या पाच ‘वॉर्बलर’ पाखरांचा असाच अभ्यास केला आणि तो जगभर गाजला: एकाच झाडावर पाच जाती राहतात कारण प्रत्येक जात झाडाचा वेगळा भाग धुंडाळते. त्यांच्या झाडांच्या मानाने आपली बाभूळ ठेंगणी. तरी वाटणीचा नियम तोच.

नाचणीची शिकार जरा थांबून पाहण्यासारखी असते. पांढऱ्या भुवईची नाचण फांदीवर उतरते, पंख खाली सोडते, शेपटीचा पंखा उघडते, अर्धं वळते, पुन्हा उघडते. बघणाऱ्याला वाटतं, नाचतेय. पण तिची नजर सालीवर असते. अचानक उघडलेल्या पंख्याने सालीवरचा किडा बिचकून उडतो आणि उडाला की संपला. शेपटी झळकवून किडे उठवण्याची ही युक्ती अमेरिकेतल्या काही पाखरांवर प्रयोग करून तपासली गेली आहे. नाचणीची टाळी वाजल्यासारखी चोच ‘टक्’ करते तेव्हा एक माशी कमी झालेली असते.

पांढऱ्या पोटाचा निखार हा या मुलखाचा खरा मानकरी म्हणायला हवा. निखाराची बाकीची भावंडं उंच झाडांच्या शेंड्यात रमतात. हा मात्र ठेंगण्या बाभळीत, बोरीत, प्रसंगी जमिनीवरही उतरून किडे टिपतो. नराची काळी-पांढरी पाठ आणि छातीवरचा केशरी डाग, मादी राखी. भारतीय उपखंडाबाहेर तो नाही आणि उपखंडातही घनदाट जंगलात नाही. घाटात जाऊन तो कितीही शोधला तरी मिळायचा नाही. अशी पाखरं असताना माळाला ‘पडीक’ म्हणणं ही माहितीची चूक आहे.

एक जरा लांबची गोष्ट सांगतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला सोनोरन वाळवंटात काळ्या शेपटीचं एक इवलंसं पाखरू राहतं. इंग्रजीत त्याला ‘नॅटकॅचर’, म्हणजे चिलटं पकडणारा, म्हणतात. राखी अंग, उभी शेपूट, काटेरी झुडपात सतत चुळबुळ, जोडीने राहणं. चित्र पाहिलं तर शिरूरचा माणूस त्याला वटवट्याच म्हणेल. नात्याने मात्र दोघांचा काही संबंध नाही. वटवट्यांचं कूळ आफ्रिका-आशियातलं, त्या पाखराचं कूळ अमेरिकेतल्या रेन पक्ष्यांच्या जवळचं. कोरडं काटेरी रान आणि बारीक किडे मिळाले की निसर्ग दोन खंडांवर सारखंच पाखरू घडवतो. ते अमेरिकी पाखरू ज्या मेस्किट झाडांत राहतं, त्यांची सख्खी बहीण म्हणजे आपल्याकडची वेडी बाभूळ. झाड इथवर आणलं गेलं, पसरलं, भीमेच्या काठाने दौंडपासून उजनीपर्यंत माजलं. वेड्या बाभळीत पाखरांना आडोसा मिळतो, घरटंही होतं, हे खरं. पण तिच्याखाली गवत उरत नाही आणि गवताबरोबर गवतातले नाकतोडे जातात. साध्या वटवट्याला त्या आडोशाचा उपयोग काय?

पावसाळा हा या सगळ्यांचा सुगीचा काळ. जूनमध्ये पहिले दोन दणके पाऊस झाला की आठवड्याभरात अळ्या, टोळ, पतंग यांची रेलचेल होते आणि वटवट्ये, शिंपी, सुभग घरट्याला लागतात. राखी वटवट्या दोन-तीन पानं कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी शिवून आत घरटं करतो. अंडी चकचकीत विटकरी लाल. सुभगाचं घरटं फांदीच्या बेचक्यात, बाहेरून कोळिष्टकांनी लिंपलेलं, इतकं बेमालूम की हातभर अंतरावरून दिसत नाही. चातकाच्या तहानेवर आपण पिढ्यान्‌पिढ्या हळहळत आलो आहोत, पण पावसाबरोबर येणारा तो चातक अंडी घालतो सातभाईच्या घरट्यात. करड्या पोटाची एक छोटी कोकिळा तशीच वटवट्यांवर डल्ला मारते. म्हणजे वटवट्या उरला नाही तर तीही उरणार नाही.

थंडीत वस्ती बदलते. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून उत्तरेकडचे पाहुणे उतरू लागतात, काही वाळवंटी मुलखातून, काही डोंगरातून. साईक्सने ‘रामा’ नाव दिलेला वटवट्या इराण, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानकडच्या कोरड्या झुडपांत वीण करतो आणि थंडी आपल्या बाभळींत काढतो. शुभ्रकंठी वटवट्या तसाच. बाभळीच्या आत लपून ‘टक्, टक्’ करत राहतो, बाहेर यायचं नाव नाही. रणगप्पीदास नांगरलेल्या ढेकळावर बसतो. हिमालयातून लिटकुऱ्या आणि पर्णवटवट्ये येतात. पिवळट पोटाचा एक पर्णवटवट्या डोंगराळ खडकाळ जागा धरून राहतो, हिरवट पर्णवटवट्या सह्याद्रीच्या झाडीत आणि गावातल्या वडा-पिंपळावर.

या हिरवट पर्णवटवट्याने शास्त्रज्ञांना मोठं कोडं घातलेलं आहे. तिबेटच्या पठाराला वळसा घालून त्याची वस्ती पसरली आहे. वळशात एक वस्ती शेजारच्या वस्तीशी जुळते, पण सैबेरियात जिथे दोन टोकं भेटतात तिथे ती एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. गाणं वेगळं, जोडी जमत नाही. एका जातीच्या दोन कशा होतात याचं ते चालतं-बोलतं उदाहरण. डॅरेन अर्विन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्यावरचं संशोधन प्रसिद्ध केलं. मधुसूदन कट्टी आणि ट्रेव्हर प्राइस यांनी तमिळनाडूच्या मुंडनथुराईच्या रानात याच पाखराचा हिवाळा तपासला. प्रत्येक पाखरू थंडीभर आपापला मुलूख राखतं. पाऊस, किडे आणि पाखराच्या अंगावरची चरबी यांचा हिशेब त्यांनी मांडला. आठ ग्रॅमच्या जिवाला हिमालयाकडे परतायचं असतं, तेव्हा इथले किडे ही त्याची शिदोरी असते. आपल्याकडचं एखादं झाड तोडलं तर त्याचा फटका हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या घरट्याला बसू शकतो, असं मानायला जागा आहे.

डोंगराकडच्या रानाबद्दल इथे थोडक्यात. भीमाशंकर, मुळशी, ताम्हिणीला नीलमणी, स्वर्गीय नर्तक, निळ्या लिटकुऱ्या, चष्मेवाले असे अनेक जण एकत्र टोळी करून रान चाळत जातात. एकाने उठवलेला किडा दुसऱ्याच्या तोंडी. त्या रानाचे प्रश्न आहेत, फार्महाऊस आहेत, रस्ते आहेत. पण निदान ते जंगल आहे हे सगळ्यांना मान्य आहे. माळाचं दुखणं त्याच्याही आधी सुरू होतं.

गेल्या साठ-सत्तर वर्षांत शिरूर-दौंडचा नकाशा पाण्याने बदलला. घोड धरण, चासकमानचा कालवा, खडकवासल्याचं पाणी दौंडकडे. न्हावरे-पाटस पट्ट्यात ऊस आला. याला नावं ठेवणं मला जमणार नाही. ज्याने टँकरची वाट पाहिलेली आहे त्याला कालव्याचं मोल विचारा. पाखरांच्या बाजूनेही सरसकट तोटाच झाला असं नाही. साधा आणि राखी वटवट्या उसात खुशाल राहतात, दाट उभं पीक त्यांना गवतासारखंच. शिंपी वस्तीबरोबर वाढला. उसात बिबट्या आला की पेपरात पहिल्या पानावर फोटो येतो. वटवट्या उसात राहायला आला याची बातमी कोण करणार! पण पांढऱ्या पोटाचा निखार, तांबूस कपाळाचा वटवट्या, रान वटवट्या यांना ऊस चालत नाही. म्हणून ‘पाखरं कमी झाली का’ हा प्रश्नच मुळात ढोबळ आहे. झालं असं की अंगणातली पाखरं टिकली आणि माळाची मागे हटली.

देशपातळीवरचे आकडेही हेच सांगतात. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात पक्षीनिरीक्षकांच्या लाखो नोंदींच्या आधारे ९४२ जातींची पाहणी झाली. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळाचा कल काढता आला त्यांतल्या ६० टक्के घटलेल्या निघाल्या. फळं खाणाऱ्यांपेक्षा आणि काहीही खाणाऱ्यांपेक्षा किडे आणि मांस खाणाऱ्यांची घट जास्त. उघड्या रानातल्या पाखरांची घट अधिकच. आपल्या माळावर तारेच्या खांबावर बसणारा राखी खाटीक देशभरात ८० टक्क्यांहून अधिक घटला आहे. किडे कमी, माळ कमी, या कात्रीच्या दोन्ही पात्यांत एकाच वेळी सापडलेलं पाखरू.

कारणांची चर्चा होते तेव्हा बोट औषधांकडे जातं. कीटकनाशकांनी किडे मरतात आणि किड्यांवर जगणारं उपाशी राहतं, याला वेगळा पुरावा नको. तरी माझ्या मते या दोन तालुक्यांत मोठा घाव घातला तो बांधाने आणि झाडाने. बांधाने म्हणजे बांध साफ करण्याने. जेसीबी आला आणि पूर्वी कुऱ्हाडीने वर्षभरात न होणारं काम तासात होऊ लागलं. दोन शेतांमधली पाच-सहा फुटांची बोराटीची रांग हीच माळावरच्या पाखरांची एका टेकडीवरून दुसरीकडे जायची वाट होती. ती सपाट झाली. उरलेली उन्हाळ्यात पेटवली जाते, नेमकी पावसाळ्यातल्या विणीच्या तोंडावर.

आणि झाडाने म्हणजे वृक्षलागवडीने. हे वाचून कपाळाला आठ्या पडतील, पण बोललं पाहिजे. २०१६ पासून राज्यात लागवडीच्या मोठ्या मोहिमा झाल्या; एकट्या २०१९ चं उद्दिष्ट ३३ कोटी झाडांचं होतं. एवढी झाडं लावायला जागा लागते, आणि मोकळी दिसते ती जागा माळाची. मग गवताळ उतारावर चर खणले जातात, गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लागते. झाडं जगली नाहीत तर पैसा वाया. जगली तर माळ गेला. ज्या गिरिपुष्पाला गुरं सहसा तोंड लावत नाहीत, त्याच्या पानांत वटवट्याला तरी किती अळ्या सापडणार? कंपन्यांचे हरित पट्टेही तसेच. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एखाद्या आवारात शोभेची झाडं आणि कातरलेली हिरवळ असते, खत-पाणी असतं, माळी असतो. पलीकडच्या वाटप न झालेल्या भूखंडावर तरवड माजलेला असतो आणि पाखरं असतात ती त्या भूखंडावर.

संरक्षण नाही असं नाही, पण ते उसनं आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये झालं, सव्वापाच चौरस किलोमीटरही नाही एवढं, ते चिंकाऱ्यासाठी. नगरकडच्या कर्जतजवळचं रेहेकुरी काळविटासाठी, सोलापूरकडचं नान्नज माळढोकासाठी. हरणांच्या आणि माळढोकाच्या पुण्याईवर वटवट्ये-निखारांना तिथे आसरा मिळाला. धनगरांची मेंढरं जिथे बेताने चरतात त्या माळांनीही या पाखरांना बराच हात दिलेला आहे. उलट चराई पूर्ण बंद करून झाडं लावली तिथे गवतही गेलं आणि पाखरंही.

शेतकऱ्याला याचा काय फायदा, हा प्रश्न रास्त आहे. १९१२ मध्ये मेसन आणि लेफ्रॉय यांनी भारतातले पक्षी काय खातात यावर सविस्तर ग्रंथ केला. पाखरांच्या पोटातलं अन्न तपासून. शेतावरच्या लहान पाखरांच्या पोटात अळ्या, भुंगेरे, टोळ निघाले. आज कृषी विद्यापीठं हरभऱ्यात घाटे अळीसाठी ‘टी’ आकाराचे पक्षीथांबे लावायला सांगतात, ती शिफारस याच ज्ञानावर उभी आहे. थांब्यावर कोतवाल बसतो, खाटीक बसतो, गप्पीदास बसतो. वटवट्या आणि शिंपी मात्र थांब्यावर यायचे नाहीत, त्यांना लागतं झुडूप. बांध तासून घ्यायचा आणि मग शेताच्या मधोमध काठ्या रोवून पाखरांना बोलवायचं, हा उफराटा कारभार आहे. पाखरांनी सगळी कीड आटोक्यात येते असा दावा मी करणार नाही. फवारणी एखादी कमी होईल, तेवढं झालं तरी आजच्या औषधाच्या भावात पुष्कळ झालं.

म्हणून मागणी मोठी नाही. वन विभागाने आणि ग्रामपंचायतींनी पावसाळ्यातल्या लागवडीआधी एवढंच पाहावं की खड्डे घ्यायचे ती जागा ओसाड आहे की जिवंत माळ. गवत आणि तरवड-बोर असेल तर तिथे कुदळ लावू नये. झाडं गावाच्या रस्त्याला, ओढ्याच्या काठाला, शाळेच्या आवारात लावावीत, आणि लावायचीच तर बाभूळ, हिवर, खैर लावावीत. कंपन्यांनी आवाराच्या कडेचा एक पट्टा न कातरता सोडावा. आणि शेतकरी बांधवांनो, येत्या उन्हाळ्यात बांध साफ कराल तेव्हा दोन्ही अंगांनी तासू नका; एका अंगाची बोराटी राहू द्या, आणि ती पेटवू नका.